चतुराचा कायमचा पत्ता

बँकेत बावीस वर्षे काढलेल्या माणसाला जगाविषयी दोनच प्रश्न पडतात : हा कोण, आणि राहतो कुठे?

गणपतीला किहीमला सासुरवाडीस गेलो होतो. अंगणात पन्नासेक चतुर घिरट्या घालत होते. "बाबा, हा कुठला चतुर?" कन्येने विचारले.

"चतुर म्हणजे चतुर!"

"मग काउंटरवर 'माणूस म्हणजे माणूस' म्हणून चेक वटवता का?"

आली का पंचाईत! त्यातून गाव किहीम. इथेच १९३० साली सालीम अलींनी हाती नोकरी नसताना सुगरणींचे संसार तपासले. नोकरी असलेल्याने निदान एक चतुर तपासायला काय हरकत?

बसताना पंख आडवे पसरलेले, म्हणजे टाचणी नव्हे, चतुरच. अंग पिवळसर, पंख पारदर्शक, डोळे वरून तांबूस. बसायचे मात्र नाव नाही. बसलाच तर काटकीला उभा लोंबकळणार. पुस्तकाशी सही जुळली : पँटाला फ्लॅवेसेन्स. १७९८ साली फाब्रिसियस नावाच्या शास्त्रज्ञाने याचे खाते उघडून ठेवले आहे.

आता पत्ता. याची अंडी पावसाच्या डबक्यात. डबके आटायच्या आत, महिना-दोन महिन्यांत, पिल्लू पंख फुटून पसार! मालदीवमधले जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडले, की हे चतुर वाऱ्यावर स्वार होऊन भारताकडून ऑक्टोबरात मालदीवला पोचतात आणि तिथून पुढे थेट आफ्रिका गाठतात. परत येतात ती पुढची पिढी. पिढ्या मिळून फेरा १४ ते १८ हजार किलोमीटरांचा, आणि तोही टी.ए. बिल न लावता!

"मग कायमचा पत्ता काय लिहायचा?" कन्या वहीत पेन रोवून बसली.

मी गप्प झालो. सात बदल्यांत त्या रकान्यात मी वडिलांचे रेवदंड्याचे घर लिहीत आलो. ते विकून नऊ वर्षे झाली. हात मात्र अजून तेच लिहितो.

तेवढ्यात सासरे मागल्या दारी मातीची पाटी घेऊन निघाले. विहिरीजवळचे डबके बुजवायचे होते.

"अप्पा, राहू द्या ना ते महिनाभर."

"डास होतात हो, जावईबापू!"

"चतुराची पिल्लं डासांच्या अळ्या खातात."

अप्पांनी पाटी खाली ठेवली. जावई चतुर निघाल्याचा त्यांना पहिल्यांदाच संशय आला असावा.

मी कन्येला म्हणालो, "लिही : कायमचा पत्ता नाही. जन्मगाव, किहीम."