पाटी नसलेला रस्ता

आमच्या कसबा बावड्यात वेग ही गोष्ट ऋतुमानावर ठरते. दिवाळीच्या सुमारास राजाराम कारखान्याचे धुराडे पेटले, की उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढीत रस्त्यावर येतात. मग मागच्या मोटारीत साक्षात कलेक्टर बसलेले असोत, त्यांचा वेग ट्रॅक्टरवालाच ठरवतो. आषाढ-श्रावणात ते काम पंचगंगा करते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शियेकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिने सगळ्यांचा वेग शून्यावर आणून ठेवला होता. उरलेल्या महिन्यांत रस्ता मोकळा सापडला, म्हणजे आमचा तरुण फटफटीवर काय करतो, ते वाचकांनी आपापल्या गावावरून ताडावे.

या वेगाचा हिशेब ठेवण्याचा एक विचित्र छंद मला दोन वर्षांपासून जडला आहे. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक नकाशा आहे. २००४ साली इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट या तरुणाने तो सुरू केला. हा नकाशा कोणी सरकार काढीत नाही की कोणी कंपनी. तुमच्या-आमच्यासारखी रिकामटेकडी माणसे आपापल्या गल्ल्या त्यात भरतात, आणि तो सगळ्यांना फुकट वापरता येतो. त्यात प्रत्येक रस्ता म्हणजे एक रेघ, आणि त्या रेघेला चिठ्ठ्या लावायच्या. नाव काय, डांबरी की कच्चा, एकेरी की दुहेरी. त्यातलीच एक चिठ्ठी कमाल वेगाची. जिथे वेगमर्यादेची पाटी उभी असेल, तिथे रेघ तोडायची आणि पुढच्या तुकड्याला नवा आकडा लावायचा. नुसता आकडा लिहिला तर तो ताशी किलोमीटर समजतात. इंग्रजांचे घोडे अजून मैलांवर अडले असल्यामुळे त्यांना मैल असे मुद्दाम लिहावे लागते.

वेगाचे वेड आणि वेगाची भीती, दोन्ही इंग्रजांकडे जुनी. १८६५ च्या त्यांच्या कायद्याने वाफेच्या गाडीला गावाबाहेर ताशी चार मैल आणि गावात दोन मैल एवढीच मुभा दिली होती, आणि गाडीपुढे एक माणूस लाल निशाण घेऊन चालला पाहिजे असेही बजावले होते. १८९६ साली मर्यादा चौदा मैलांवर गेली. दोन मैल म्हणजे आमच्या म्हशीसुद्धा त्याहून जलद चालतात, संध्याकाळी तर नक्कीच.

या नकाशाचा एक दंडक आहे: जे जागेवर आहे तेच लिहायचे. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला हे पथ्य कठीण जाते. कादंबरीत मला पूल हवा असला तर मी तो अर्ध्या ओळीत बांधतो, ठेकेदारही लागत नाही. इथे मात्र रविवारी सकाळी सायकल काढायची, वही खिशात घालायची आणि पाट्या शोधीत हिंडायचे. एखादी पाटी वाढदिवसाच्या फलकामागे सापडते. एखादीचा रंग असा उडालेला, की आकडा ४० आहे की १० हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. अशी पाटी मी नोंदवीत नाही.

आमच्या शाळेसमोर तर पाटीच नाही. या आषाढात तिसरीतली एक मुलगी शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडत असताना फटफटीखाली आली. पाय मोडला; जिवावरचे पायावर निभावले. पंधरा दिवसांनी तिचे आजोबा शाळेत आले. माझ्या छंदाची कीर्ती त्यांच्या कानी गेली होती. या नकाशावर चालणारी काही ॲप्स वेग वाढला की गाडीवाल्याला सावध करतात, हेही त्यांना नातवाने सांगितले होते.

“गुरुजी, त्या नकाशात आमच्या शाळंम्होरं इस लिवा की.”

“आबा, तिथं पाटी नाही.”

“पाटी न्हाई म्हनून तर लिवा म्हनतोय. पाटी असती तर तुमची काय गरज हुती?”

मी निरुत्तर झालो.

पाटी नसेल तर कायदा काय म्हणतो, तेही मी पाहिले होते. २०१८ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने काढलेल्या अधिसूचनेत नगरपालिकेच्या हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीला कमाल ७० आणि फटफटीला ६० असे आकडे होते. स्थानिक अधिकाऱ्यांना त्याहून कमी मर्यादा घालता येते, पण मग तशी पाटी लावावी लागते. म्हणजे पुस्तकाप्रमाणे लिहायचे, तर शाळेच्या फाटकासमोर मी ७० लिहायला हवे होते!

चौथीच्या मुलांना मी त्या आठवड्यात हेच गणित घातले. फाटकापासून समोरच्या दुकानापर्यंत त्यांनी पावले मोजली, आठ मीटर भरले. लहान मुलाला ते ओलांडायला आठ सेकंद लागतात. ताशी ७० ने येणारी मोटार आठ सेकंदांत १५५ मीटर येते, २० ने येणारी ४४. दोरी घेऊन आम्ही १५५ मीटर मोजत गेलो, तेव्हा वळण लागले आणि फाटक दिसेनासे झाले. जी गाडी मुलाला दिसतच नाही, ती पाहून मुलाने थांबायचे कसे? वर्गातल्या एकानेही या प्रश्नाचे उत्तर दिले नाही, आणि मीही फळ्यावर काही लिहिले नाही.

तरीही मी वीस लिहिले नाही. कारण साधे होते. पाटीसाठी अर्ज घेऊन आम्हांला ज्या कचेरीत जायचे होते, तिथल्या कारकुनाने नकाशा उघडून “मर्यादा आहे की” असे म्हटले, तर आम्ही काय सांगणार? पुढे खरी पाटी लागली, तरी माझा आकडा आधीचा आणि पाटी नंतरची, हे कुणाला कळणार? वेगाची चिठ्ठी नसलेले रस्ते या नकाशातून वेगळे काढून दाखवता येतात. आमचा रस्ता त्यांत दिसला पाहिजे, असे मला वाटले.

जे होते ते मात्र सगळे भरले. शाळेची इमारत, फाटक, पन्नास पावलांवरचा झिजलेला गतिरोधक. झेब्रा पट्टे नोंदवावेत की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. पावसात भिजल्यावर ते दिसतात, एरवी नाहीत. शेवटी नोंदवले नाहीत. मग त्या नकाशाची छापील प्रत आणि मुलांचे गणित जोडून मुख्याध्यापकांच्या सहीने अर्ज दिला. पोच मिळाली आहे. दोनदा चौकशीला गेलो. एकदा साहेब बैठकीला गेले होते, आणि एकदा बैठक साहेबांकडे आली होती.

आबांना हे सारे मी समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पटले असे मात्र म्हणवत नाही. मुलगी आता चालते, थोडी लंगडते. शाळा सुटायच्या वेळेला आबा तांबडा पंचा घेऊन फाटकाशी उभे राहतात. घंटा झाली की पंचा उंच धरून रस्त्याच्या मध्यावर जातात आणि गाड्या थांबतात. उसाचा ट्रॅक्टरसुद्धा.