ज्याने नाव विचारले, त्याचेच नाव उरले

१/ या खात्यावर आपण एरवी गडकोट, ताम्रपट, बखरी आणि जुना पत्रव्यवहार यांविषयी बोलतो. आजचा धागा जरा वेगळ्या वाटेने जाणार आहे. विषय आहे एका संगणकीय खेळमालिकेत वर्षानुवर्षांनी पुन्हा भेटणारी पात्रे. धागा मोठा आहे आणि शेवटी तो माझ्या घराच्या उंबरठ्यापाशी येतो. सवडीने वाचावा.

२/ मालिकेचे नाव ‘द एल्डर स्क्रोल्स’. अमेरिकेतील बेथेस्डा या कंपनीने १९९४ मध्ये ‘अरीना’ हा पहिला खेळ काढला. त्यानंतर ‘डॅगरफॉल’ (१९९६), ‘मॉरोविंड’ (२००२), ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) आणि ‘स्कायरिम’ (२०११). हे पाचही खेळ टॅम्रिएल नावाच्या एकाच काल्पनिक खंडात घडतात. मात्र दर वेळी प्रांत बदलतो, काळ पुढे सरकतो आणि नायकही नवा असतो.

३/ मग या खेळांना एकत्र बांधणारे सूत्र कोणते? टॅम्रिएलचा इतिहास. खेळात शेकडो ग्रंथ विखुरलेले असतात. ते उघडून वाचता येतात आणि ते एकमेकांशी सहमत नसतात. सरायांत अफवा ऐकू येतात. आधीच्या खेळातील माणसे नव्या खेळात कधी म्हातारी होऊन, कधी प्रेतात्मा होऊन, तर कधी केवळ एखाद्या ग्रंथातील उल्लेख होऊन परततात.

४/ बॅरेन्झियाचे उदाहरण घ्या. ‘डॅगरफॉल’मध्ये ही राणी प्रत्यक्ष भेटते, ‘मॉरोविंड’च्या ‘ट्रायब्यूनल’ या पुरवणीत पुन्हा दिसते, तेव्हा तिचा मुलगा राजा झालेला असतो. ‘स्कायरिम’मध्ये हाती लागतात ती केवळ तिच्या मुकुटातून निखळलेली २४ रत्ने. तिची चरित्रेही दोन आहेत: एक दरबारी थाटाचे, दुसरे दरबाराला न रुचणारे. खरे कोणते, याचा निवाडा खेळ करत नाही.

५/ त्याहून नवलाची गोष्ट ‘डॅगरफॉल’च्या शेवटाची. न्यूमिडियम हे महाकाय यंत्र कोणाच्या हाती द्यायचे, हे खेळाडूच्या निवडीवर होते. म्हणून शेवटही अनेक होते. पुढचा खेळ लिहिताना त्यांतला खरा कोणता मानायचा? रचनाकारांनी ठरवले की सगळेच खरे. त्या काळात कालप्रवाहच तुटला आणि परस्परविरोधी घटना एकाच वेळी घडल्या, असे नंतरच्या खेळांतील ग्रंथ सांगतात.

६/ एकाच लढाईचे तीन बखरकारांनी केलेले तीन वृत्तान्त समोर ठेवून बसलेल्या माणसाला ही युक्ती ऐकून हेवा वाटेल! आपल्याला ती सवलत नाही. आपल्याला साधने ताडून पाहावी लागतात. पण साधने ताडून पाहण्याची पहिली सवय मला या खेळांनी लावली, हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. आणि ती लावणारे पात्र राणी नव्हते. तो होता एक कैदी.

७/ अकरावीच्या सुट्टीत मावसभावाच्या संगणकावर मी ‘मॉरोविंड’ प्रथम खेळलो. खेळ सुरू होतो तो कैद्यांना वाहून नेणाऱ्या जहाजाच्या तळघरात. डोळे उघडतात तेव्हा समोर एक कैदी उभा असतो: टक्कल पडलेला, डोळ्यावर जखमेचा व्रण असलेला. तो आपल्याला जागे करतो आणि नाव विचारतो. त्याच क्षणी खेळाडूने आपल्या पात्राचे नाव लिहायचे असते.

८/ त्या कैद्याचे नाव जिऊब. त्याचे काम एवढेच. शिपाई येतो, आपल्याला वर घेऊन जातो आणि जिऊब मागे राहतो. पुढे शेकडो तास खेळलात, तरी त्या खेळात तो पुन्हा भेटत नाही. तो कोणत्या गुन्ह्यासाठी धरला गेला, त्याचे पुढे काय झाले, कशाचाच पत्ता लागत नाही. इतिहासाच्या पानावर अशी माणसे असंख्य असतात. एका ओळीत येतात आणि विरून जातात.

९/ चार वर्षांनी ‘ऑब्लिव्हियन’ आला. रस्त्यावरची माणसे परस्परांत बोलत असतात. त्यांच्या बोलण्यातून कानावर पडते की संत जिऊबने व्हार्डनफेल बेटावरून क्लिफ रेसर हाकलून लावले. क्लिफ रेसर म्हणजे ‘मॉरोविंड’ खेळलेल्या प्रत्येकाला भंडावून सोडणारा उडता हिंस्र प्राणी. ज्यांनी तो जाच सोसला होता, तेच ही अफवा ऐकून खळखळून हसले. तळघरातला कैदी संतपदाला पोहोचला होता.

१०/ मग २०१२ मध्ये ‘स्कायरिम’ची ‘डॉनगार्ड’ ही पुरवणी आली. खेळातील कालगणनेप्रमाणे मध्ये सुमारे २०० वर्षे उलटलेली. सोल केर्न या प्रेतात्म्यांच्या उजाड प्रदेशात एक आत्मा भटकताना दिसतो. तो जिऊब! ‘ऑब्लिव्हियन’मधील क्व्हाच नगराच्या विध्वंसात तो मारला गेला होता. स्वतःची ओळख तो ‘संत’ आणि ‘उच्छेदक’ अशा बिरुदांसह करून देतो.

११/ त्याने आत्मचरित्र लिहायला घेतले होते. त्याची दहा पाने त्या प्रदेशात विखुरली आहेत आणि ती गोळा करून आणण्याची विनंती तो आपल्याला करतो. पानांत तारुण्यातील दुर्वर्तनाची कबुली आहे आणि पुढील पराक्रमाचे भरघोस वर्णनही आहे. मी ती सगळी शोधून आणली. दहावे पान हाती आले तेव्हा मनात एक प्रश्न उभा राहिला, तो आजतागायत गेलेला नाही.

१२/ आता साधने मांडून पाहा. एक, प्रत्यक्षदर्शी साक्षीदार, म्हणजे मी स्वतः. दोन, लोकांतली वदंता. तीन, त्याचे आत्मचरित्र. समकालीन साक्षीदार सर्वांत विश्वसनीय, असे आपण मानतो. पण माझी साक्ष काय? त्याच्या डोळ्यावर व्रण होता आणि त्याने मला नाव विचारले, इतकीच. जवळून पाहिलेल्या माणसाला सर्वांत कमी ठाऊक होते.

१३/ आणखी एक गोष्ट. मागच्या खेळातील नायकाचे नाव पुढच्या खेळात कोणीही घेत नाही. प्रत्येक खेळाडूने ते वेगळे ठेवलेले असते. ग्रंथकार ते कसे लिहिणार? म्हणून उरते ते केवळ पद. ‘मॉरोविंड’चा नायक ‘नेरेवरीन’ म्हणून ओळखला जातो आणि तो अकाव्हिर या दूरच्या भूमीकडे गेल्याची अफवा तेवढी राहते. जगाला वाचवणारा निनावी झाला. त्याला नाव विचारणारा मात्र नावानिशी उरला.

१४/ २०१२च्या अखेरीस आलेल्या ‘ड्रॅगनबॉर्न’ या पुरवणीने मला सोल्सथाइम बेटावर परत नेले. २००३च्या ‘ब्लडमून’ या ‘मॉरोविंड’च्या पुरवणीत मी तेथे ईस्ट एम्पायर कंपनीच्या वतीने रेव्हन रॉक नावाची खाणवस्ती उभी करायला हातभार लावला होता. आता ज्वालामुखीची राख सर्वत्र पसरलेली होती, खाण बंद पडली होती आणि वस्तीत निर्वासितांचे वंशज राहत होते. गावाचा तीन खंडांतील इतिहासही वाचायला मिळत होता.

१५/ तेथे क्रेशियस नावाचा एक वृद्ध खाणकामगार आहे. खनिज संपले म्हणून खाण बंद झाली, असे सर्वजण मानतात. त्याला ते पटत नाही. त्याचा पणजोबा ग्रेशियन त्या खाणीत मरण पावला आणि कंपनीने त्यामागचे सत्य दडवले, असा त्याचा संशय आहे. या वयात खाणीत उतरू नका, म्हणून पत्नी त्याच्याशी भांडते. तरी त्याचे मन तेथेच गुंतलेले असते.

१६/ खेळाडू खाली उतरतो. एका प्राचीन दफनस्थळी पणजोबाचे अवशेष आणि त्याची रोजनिशी सापडते. ती रोजनिशी मी क्रेशियसच्या हाती ठेवली आणि खेळ थांबवला. रात्रीचे दोन वाजले होते. भिंतीपलीकडे आजी झोपली होती आणि तिच्या खोलीतील लाकडी पेटीत आमच्या पणजोबांचे पदक होते.

१७/ आमच्या घरची कथा अशी. पणजोबा सातारा जिल्ह्यातले. १९१४च्या अखेरीस मराठा पलटणीबरोबर मेसोपोटेमियात गेले. आजोबांचा जन्म त्यानंतरचा, १९१५च्या आषाढी एकादशीचा. बापलेकांची भेट झालीच नाही. पणजोबा शत्रूच्या तोफेवर चालून जाताना पडले आणि सरकारने शौर्याचे पदक दिले, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. दर दसऱ्याला त्या पदकाची पूजा होते.

१८/ मी पदक भिंगाखाली धरले. कडेवर बारीक अक्षरांत क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली होती. ते होते ‘ब्रिटिश वॉर मेडल’. पहिल्या महायुद्धात परदेशी रणभूमीवर सेवा बजावलेल्या लक्षावधी सैनिकांना ते मिळाले. विशेष शौर्याशी त्याचा संबंध नव्हता. पुढे काही वर्षांनी त्या क्रमांकावरून राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत पणजोबा सापडले. मृत्यूची तारीख होती ऑक्टोबर १९१६ मधली.

१९/ त्यांची पलटण कुतच्या वेढ्यात अडकली होती. डिसेंबर १९१५ मध्ये पडलेला तो वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला आणि सुमारे १३,००० सैनिक तुर्कांच्या कैदेत गेले. वाळवंटातील लांबच लांब पायपीट, उपासमार आणि रोगराई यांत हजारो दगावले. तारखेचा अर्थ स्पष्ट होता. पणजोबा तोफेवर पडले नव्हते. ते कैदेत गेले होते.

२०/ बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय शिपायांची नावे कोरलेली नाहीत. अधिकाऱ्यांची आहेत, शिपायांसाठी पलटणीपुढे केवळ संख्या. नावे कागदोपत्री नोंदींतच राहिली. आणि मला त्या तळघरातला कैदी आठवला. निदान त्याच्याभोवती अफवा तरी उगवली. आमच्या पणजोबांच्या बाबतीत ती अफवा आमच्या घराने जपली. तिच्यावर आता मी कागद घेऊन उभा होतो.

२१/ आजीला सांगावे की नाही, याचा मी कित्येक महिने विचार केला. तिचे वय ८७. ज्या सासऱ्यांना तिने कधी पाहिले नाही, त्यांच्या पदकाला ती साठ-पासष्ट वर्षे हळदकुंकू वाहत आली होती. सत्यशोधनाचा अभिमान मिरवण्यासाठी त्यात हात घालावा का? पण न सांगणे म्हणजे कंपनीप्रमाणे दडवणेच, असेही वाटे. अखेर एका दुपारी सांगितले. वेढा, शरणागती, तारीख, सगळे.

२२/ ती बराच वेळ गप्प होती. मग बोटांवर महिने मोजू लागली. मोजून झाल्यावर म्हणाली, “म्हणजे ह्यांना वर्ष पुरं झालं, त्या आषाढीला मामंजी होते तर.” मी होय म्हणालो. “बरं झालं सांगितलंस,” ती म्हणाली. घरच्या कथेत पणजोबा कधी पडले, ती तारीख कोणालाच ठाऊक नव्हती. मला ज्यात एक वीर गमावल्यासारखे वाटत होते, त्यात तिला ते काही महिने सापडले होते.

२३/ जिऊबची पाने गोळा करताना मनात उभा राहिलेला प्रश्न हाच होता: त्या माणसाचे मी नेमके काय करायचे? त्याच्या बढाया खोडून काढायच्या, की त्या जशाच्या तशा स्वीकारायच्या? आता वाटते, तीनही साधने जवळ ठेवावीत आणि कोणते कोठून आले तेवढे विसरू नये. आमच्या पेटीत आता पदकाशेजारी नोंदीची प्रत आहे. त्याखाली घरची कथाही लिहून ठेवली आहे, ‘आजीच्या सांगण्यावरून’ अशा टिपणीसह.

२४/ या मालिकेत मायक नावाचे एक लबाड मार्जारवंशी पात्र आहे. ‘मॉरोविंड’पासून ते भेटत आले आहे. एकच जीव दोनशे वर्षे कसा जगला? ‘स्कायरिम’मध्ये तो खुलासा करतो की त्याच्या बापाचे नावही मायक होते आणि आजाचेही, निदान बाप तरी तसे सांगत असे. खेळाडू यावर हसतात. मीही हसलो होतो. आपल्या बहुतेक कुळकथांचा पुरावा याहून फारसा निराळा नसतो.

२५/ तेव्हा घरातील जुन्या पदकाची कड एकदा उजेडात धरून पाहा. आणि काही सापडलेच, तर ते घरच्या वडीलधाऱ्या माणसाजवळ बसून, सावकाश सांगा. कोणाच्या पणजोबांविषयी अशा नोंदी हाती आल्या असतील, तर खाली अवश्य लिहा. बहुत काय लिहिणे. लेखनसीमा.