मामा आणि भाची

शाळेतून निवृत्त झाल्यापासून आमची दुपार जुन्या पुस्तकांच्या संगतीत जाते. मॅट्रिकपुरते इंग्रजी आणि वडिलांजवळ बसून घोकलेले संस्कृत, एवढ्या भांडवलावर परदेशी नाटकाविषयी लिहिणे हे धाडस होय, हे आम्ही जाणतो. परंतु सोफोक्लीस या ग्रीक कवीचे ‘अँटिगनी’ आमच्याच घरात एकदा घडून गेले आहे. तेव्हा त्याविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस पोचतो, असे वाटते.

नाटक इसवी सनापूर्वी ४४१ च्या सुमाराचे. थीब्ज नगरीच्या ईडिपस राजाचे दोन पुत्र राज्यासाठी लढले आणि एकमेकांच्या हातून मेले. एक नगरीच्या बाजूने लढत होता; दुसरा परकी सैन्य घेऊन चालून आला होता. त्यांचा मामा क्रेऑन गादीवर बसला व त्याने आज्ञा केली की, पहिल्यास सन्मानाने मूठमाती द्यावी आणि दुसऱ्याचे प्रेत कुत्र्यागिधाडांसाठी उघड्यावर टाकावे. आज्ञा मोडील त्यास देहान्त. भाची अँटिगनी हिने ती मोडली. ‘निदान हे गुपचूप कर,’ असे बहीण इस्मिनी विनवू लागली, तर ही म्हणते, ‘उलट साऱ्या गावास ओरडून सांग!’ धरून आणल्यावरही तिने काही नाकारले नाही. राजाची आज्ञा कालची, देवांचा अलिखित नियम सनातन, हे तिचे उत्तर. मामाने तीस जिवंतपणी गुहेत कोंडविले.

तरुणपणी हे वाचले तेव्हा आमचे सारे मन अँटिगनीकडे धावले. आम्हां यवतमाळकरांस तिचा दाखला दूर शोधावा लागत नाही. आमच्या जिल्ह्यातील वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी १९३० सालच्या जुलैत पुसद येथे जंगलचा कायदा मोडला, तोही आधी जाहीर करून, दिवसाढवळ्या. सरकारचे गवत कापून ते तुरुंगात गेले. परंतु गंमत अशी की, हेच बापूजी १९४८ ते १९५२ पर्यंत बिहारचे राज्यपाल होते. म्हणजे ज्या आसनावरून आज्ञा सुटतात त्या आसनावर बसले होते. एकाच आयुष्यात माणसाच्या वाट्यास दोन्ही भूमिका येतात, हे आम्हांस त्यावरून कळावयास हवे होते. ते कळले नाही.

साठी उलटल्यावर नाटक पुन्हा वाचले तेव्हा क्रेऑन हा निव्वळ दुष्ट दिसेना. नगरी नुकतीच वेढ्यातून सुटलेली. रक्षण करणारा आणि आग लावावयास आलेला, या दोघांस एकच मान दिला तर उद्या रक्षणास कोण उभे राहील, हा त्याचा प्रश्न खोटा नव्हे. हेगेल या जर्मन तत्त्ववेत्त्याने तर येथे दोन न्याय्य पक्षांचीच टक्कर पाहिली. शिवाय दोघांचा पीळ एकच. पुरात वाकणारे झाड तगते, असे क्रेऑनचा मुलगा हेमॉन बापास सांगतो. आपल्या तुकोबांनी तेच लव्हाळ्याच्या दाखल्याने सांगितले. पण मामाही वाकत नाही आणि भाचीही वाकत नाही.

मग क्रेऑनचे चुकले कोठे? आमच्या मते, राजाज्ञेची शीव जेथे संपते ती जागा त्याने ओळखली नाही. रावणाचा अंत्यविधी करण्यास विभीषण कचरला, तेव्हा वैर मरणापाशी संपले असे सांगून श्रीरामांनी तो करविला. युधिष्ठिरानेही युद्धानंतर दोन्ही पक्षांच्या मृतांस अग्नी देवविला. हे आम्ही वर्गात पुष्कळ वर्षे शिकविले.

आणि घरी काय केले? आमची वडील बहीण अकाली गेली; तिची दोन्ही मुले आमच्याच घरात वाढली. पुढे भाच्याने आईच्या वाट्याच्या शेतासाठी आमच्यावर दावा लावला. गावात आमचे नाव झाले. दावा चालू असतानाच तो तापाने वारला. लग्न झालेले नव्हते. घरातील कर्ते म्हणून आम्ही सांगितले की, या घरातून कोणीही दहाव्यास जाणार नाही. भाची सासरहून आली, उंबऱ्यातच उभी राहिली आणि म्हणाली, “मामा, तुमचे ऐकले. पण तो माझा भाऊ आहे.” नदीकाठी तिने स्वतःच्या हातांनी पिंड ठेवला. कावळा शिवेना. तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, “दादा, मामांचा राग मनात धरू नकोस.” मग शिवला, असे शेजाऱ्यांनी सांगितले. त्यास भूकही लागली असेल. आम्ही त्यावर वाद घालीत नाही. त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही आणि आम्हीही गेलो नाही. अशी अकरा वर्षे गेली.

त्याच वर्षी पितृपक्षात बहिणीबरोबर भाच्याचेही नाव घेऊन आम्ही पाणी सोडले, आणि हिशेब मिटला असे मानले. नाटकातील एक बारीक गोष्ट या वाचनात आम्हांस बोचली ती येथेच. आंधळा ज्योतिषी टायरेसियस येऊन बजावतो की पक्षी अशुभ ओरडत आहेत आणि वेदीवर अग्नी धरत नाही. क्रेऑन घाबरतो. वृद्ध नागरिक त्यास सांगतात की, आधी मुलीस सोडव, मग मेलेल्यास मूठमाती दे. क्रेऑन क्रम उलटा करतो. आधी प्रेताचे यथासांग करतो, मग गुहेकडे धावतो. तोवर मुलीने गळफास घेतलेला असतो. त्यापाठोपाठ हेमॉन आणि राणीही जीव देतात. मेलेल्याचे देणे फेडणे सोपे. तो उलटून काही बोलत नाही. जिवंत माणसापुढे जाऊन उभे राहणे कठीण. आम्हीही सोपे ते आधी केले आणि कठीण ते टाळले.

गेल्या महिन्यात आम्ही एस.टी. धरून भाचीच्या घरी गेलो. तिचे केस पिकलेले पाहून प्रथम शब्दच फुटेना. “आमचे चुकले,” एवढे कसेबसे बोललो. ती वाकून नमस्कार करीत म्हणाली, “मामा, मीही एकदा येऊ शकले असते.” मग जेवणाची पाने मांडली. भाच्याचे नाव दोघांनीही काढले नाही; पण जेवणाआधी तिने एक घास बाजूस काढून अंगणात ठेवला, आणि आम्ही तो ठेवून होईपर्यंत थांबलो.