दाराची हाक

उरण-पनवेल रस्त्यावरील जासई हे गाव. एके काळी या मुलखात जिकडेतिकडे भाताची शेते आणि मिठागरे पसरलेली असत. घरी कुणी पाहुणा आला, तर ओटीची पायरी चढताचढताच तो "आहे का कुणी घरात?" अशी हाक देई आणि ती हाक माजघर ओलांडून थेट परसदारापर्यंत पोचे. दिवसा दार लावून घेण्याची रीत नव्हती.

पुढे काळ पालटला. नवी मुंबई वसवण्यासाठी येथील जमिनी घेतल्या गेल्या. त्यांचा योग्य मोबदला मिळावा म्हणून १९८४ च्या जानेवारीत या परिसरातील शेतकऱ्यांनी मोठे आंदोलन केले. त्याचे नेते दि. बा. पाटील हे जासईचेच सुपुत्र. त्या लढ्यात पाच जणांनी प्राण वेचले. परंतु शेतकऱ्यांचा आवाज सरकारदरबारी पोचला आणि विकसित जमिनीतील साडेबारा टक्के वाटा मूळ मालकांना देण्याचे तत्त्व पुढे मान्य झाले. १९८९ साली न्हावा-शेवा येथे बंदर सुरू झाले आणि अजस्र पेट्या वाहणाऱ्या गाड्यांची या भागातील रस्त्यांवर रीघ लागली.

ज्या गावाचा आवाज इतक्या दूरवर पोचला, त्याच गावातील एका घरात मात्र साध्या घंटेचा आवाज ओटीपासून परसदारापर्यंत पोचेना.

त्या घरात एक म्हातारी आजी होती. मुलगा आणि सून सकाळीच कामावर जात. सातवीतला नातू शाळेत जाई. रस्त्यावरची धूळ आणि गलका आत येऊ नये म्हणून पुढचे दार बंद असे. आजीचा सारा दिवस स्वयंपाकघरात आणि परसात जाई. तिला अलीकडे कमी ऐकू येऊ लागले होते. म्हणून मुलाने बाजारातून एक बिनतारी घंटा आणली. तिचे बटण दाराच्या चौकटीला चिकटवले आणि घंटेची पेटी पुढच्या खोलीत, लोखंडी कपाटामागच्या प्लगमध्ये खोचून दिली. भिंत फोडावी लागली नाही, तार ओढावी लागली नाही. सर्वांना मोठे समाधान वाटले.

एके दिवशी सायंकाळी शेजारीण एक पुडके घेऊन आली. त्यात सुके बोंबील होते. "तुमची करंज्याची बहीण दुपारी आली होती," ती म्हणाली. "तीन वेळा बेल वाजवली, हाकाही मारल्या. दार उघडले नाही, तेव्हा हे माझ्याजवळ देऊन परतीच्या गाडीने गेली."

आजी काही बोलली नाही. रात्री तिने ताटावर बसूनही घास उचलला नाही. अखेर ती एवढेच म्हणाली, "माझ्या दारातून माझी बहीण तहानलेली परत गेली. तिला काय वाटले असेल?"

ते शब्द नातवाच्या मनाला लागले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. घंटेचा आवाज मोठा करायचाच, असा त्याने निश्चय केला. पेटीच्या बाजूला आवाज वाढवण्याची कळ होती. ती त्याने शेवटपर्यंत दाबली. मग आजीला परसात उभे करून तो बटण दाबण्यास धावला. घंटा अशी कडाडली की, शेजारच्या घरातले तान्हे मूल दचकून रडू लागले. आजी मात्र शांतपणे विचारत होती, "वाजवलीस का रे?"

मग त्याने दुसरी युक्ती केली. लांब वायरीच्या फळीला पेटी जोडून त्याने ती रिकाम्या पितळी हंड्यात ठेवली. आवाज वाढला खरा; पण तो इतका घुमू लागला की, घंटा कोणती आणि रस्त्यावरच्या गाडीचा भोंगा कोणता, हेच कळेना.

थकून तो पायरीवर बसला. बसल्याबसल्या त्याला शाळेतला एक धडा आठवला. अमेरिकेत जोसेफ हेन्री या शास्त्रज्ञाने १८३१ साली सुमारे एक मैल लांबीच्या तारेतून वीज पाठवून दुसऱ्या टोकाची घंटा वाजवली होती. नंतर १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात तारेवाचूनच दूरची घंटा वाजवून दाखवली. त्यांच्या विद्युतलहरी भिंतीतून पार गेल्या होत्या. त्या घंटेपर्यंत आवाज गेला नव्हता, लहरी गेल्या होत्या! मुलगा ताडकन उठला.

आपली चूक त्याच्या ध्यानात आली. ध्वनी हा फार लवकर थकणारा प्रवासी आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की त्याची तीव्रता चौथाईवर येते. वाटेत भिंती आणि बंद दारे आली तर ती आणखी घटते. उलट, बिनतारी लहरी विटांच्या भिंतीतून सहज जातात. लोखंडी कपाटासारखी वस्तू आड आली तर मात्र त्या क्षीण होतात. मग आवाजाला ओरडत परसापर्यंत पाठवायचे कशाला? लहरींनाच तिथवर जाऊ द्यावे आणि घंटा आजीजवळ वाजवावी!

त्याने पेटी कपाटामागून काढली आणि स्वयंपाकघराच्या मागील दाराशी, मोकळ्या भिंतीवरच्या प्लगमध्ये लावली. तरीही आजी म्हणाली, "काहीतरी किणकिणते आहे, बाळा, पण नीट कळत नाही."

आता मात्र त्याने तर्क लढवला नाही. त्याने विचारले, "आजी, तुला कोणता आवाज चांगला ऐकू येतो?"

हा प्रश्न त्या घरात आजवर कुणी विचारलाच नव्हता. आजी क्षणभर विचार करून म्हणाली, "पाखरांची किलबिल आता ऐकू येत नाही. पण देवळातली मोठी घंटा अजून कळते."

वय वाढू लागले की माणसाच्या कानाला आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज सोडून जातात; खालच्या पट्टीतले त्या मानाने अधिक काळ साथ देतात. त्या पेटीत पुष्कळ सूर साठवलेले होते आणि मुलाने आजवर वाजवला होता तो नेमका सर्वांत बारीक होता. त्याने एकामागून एक सूर लावून पाहिले. अखेर दोन ठोक्यांचा, खोल आणि संथ असा एक नाद निघाला. आजीचा चेहरा उजळला. "हा! हाच ठेव," ती म्हणाली. मुलाने मग आवाज निम्म्यावर आणला. तरीही तो तिला ऐकू आला. शेजारचे मूलही झोपेतून जागे झाले नाही.

एक अडचण मात्र उरली. वीज गेली की ती पेटी मुकी होई. त्यावर आजीनेच उपाय काढला. वीज गेली म्हणजे ती पुढचे दार उघडून ओटीवर येऊन बसे.

पंधरा दिवसांनी एका दुपारी घंटेचे दोन ठोके पडले. आजी हातातले तांदळाचे सूप खाली ठेवून लगबगीने निघाली. "आले गं, आले!" असे ती माजघरातूनच म्हणत होती. दार उघडले, तर समोर करंज्याची बहीण उभी.

"आज ऐकू आले वाटते तुला!" ती हसत म्हणाली, पण तिचे डोळे भरून आले होते.

आजीने तिच्या हातातली पिशवी घेतली, तिला आत बसवले आणि आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. सायंकाळी नातू शाळेतून आला, तेव्हा दोघी बहिणी ओटीवर बोलत बसल्या होत्या. मोठ्याने बोलण्याची गरज पडू नये म्हणून धाकटी थोरलीच्या अगदी जवळ सरकून बसली होती.