वेसण

पोळ्याला बैलाची जुनी वेसण काढून नवी घालतात. आमच्या गावी, ताडकळसला, लहानपणी मला हे बघवायचं नाही, बैलाला दुखत असेल असं वाटायचं. आजोबा म्हणायचे, "मोकाट बैल शेजाऱ्यावर नंतर जातो, आधी घरच्यावर येतो." ते बोलणं आता आईच्या बोटांकडे बघताना आठवतं.

*

आईला आमवात आहे. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. भाकरी थापणं सुटलं, सोयाबीन काढणं तर कधीच सुटलं. भेटायला येणारा प्रत्येक जण एक कारण ठेवून जातो: वांगी खाल्ली, गार पाण्यात हात घातले, बाळंतपणात निगा राहिली नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी तिला नीट बसवून सांगितलं, "मावशी, तुमचं काही चुकलेलं नाही. तुमचं रक्षण करणाऱ्या पेशीच सांध्याच्या अस्तराला परकं समजायला लागल्यात." त्या दिवशी आई गाडीत बऱ्याच दिवसांनी निवांत झोपली.

*

कुंपणानं शेत खावं, तसं हे. पण मला पडलेला प्रश्न वेगळा होता. सगळ्यांचीच कुंपणं शेत का खात नाहीत?

*

छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला थायमस नावाची ग्रंथी असते. लहानपणी मोठी, वय वाढेल तशी आक्रसत जाते. शरीराचा प्रतिकार सांभाळणाऱ्या टी-पेशी तिथे तयार होतात. तिथे त्यांना आपल्याच शरीरातल्या प्रथिनांचे नमुने दाखवले जातात. जी पेशी त्यांना फार घट्ट चिकटते, ती तिथेच मरते. मात्र कोणतीही चाळण सगळे खडे अडवत नाही, काही पेशी निसटून रक्तात येतात. त्यांच्यासाठी शरीरानं दुसरी सोय केली आहे. आपल्या प्रथिनांना बऱ्यापैकी ओळखणाऱ्या काही पेशी मारल्या न जाता राखणदार बनून बाहेर पडतात. त्या नियामक टी-पेशी. आणखी काही राखणदार थायमसबाहेर, विशेषतः आतड्यात, साध्या टी-पेशींतून घडतात.

*

जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदराच्या पिलाची थायमस काढली, तर प्रतिकारशक्ती लुळी पडायला हवी. घडतं उलटं: ती स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडते. जपानच्या शिमोन साकागुची यांनी या कोड्याचा पिच्छा सोडला नाही. निरोगी उंदराच्या टी-पेशी अशा पिलांना दिल्या की आजार टळत होता. म्हणजे त्या पेशींमध्ये आवरणारं कुणीतरी होतं. १९९५मध्ये त्यांनी ते दाखवून दिलं: पृष्ठभागावर सीडी२५ हे प्रथिन मिरवणाऱ्या पेशी. त्या काळी अशा पेशी असतात यावरच बहुतेकांचा विश्वास उडाला होता. एकाच प्रश्नाला इतकी वर्षं धरून राहणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

*

दुसरा धागा अमेरिकेचा. ओक रिज इथल्या प्रयोगशाळेत १९४०च्या दशकात काही नर उंदीर खवलेदार कातडी घेऊन जन्मले आणि काही आठवड्यांत मेले. त्यामागचं जनुक सापडायला २००१ उजाडलं. मेरी ब्रुंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी शोधलेल्या या जनुकाचं नाव फॉक्सपी३. ते बिघडलं तर माणसाच्या मुलग्यांनाही तान्हेपणीच मधुमेह, इसब, न थांबणारे जुलाब होतात. दोन वर्षांत कळलं, की राखणदार पेशी घडवणारं हेच जनुक. दोन्ही धागे जुळले. २०२५चं वैद्यकाचं नोबेल या तिघांना मिळालं.

*

राखणदार किती? रक्तातल्या मदतनीस टी-पेशींत शंभरात पाच ते दहा. आवरतात कसे? टी-पेशींना वाढायला आयएल-२ नावाचं द्रव्य लागतं. राखणदार ते स्वतःच शोषून घेतात, मग भडकलेल्या पेशी उपाशी पडतात. चिथावणी देणाऱ्या पेशींवरचे इशारे ते काढून घेतात. आयएल-१०सारखी शांतवणारी द्रव्यं सोडतात.

*

हे सगळं दूरदेशीचंच नाही. पुण्यात गणेशखिंडीला राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथे मोहन वाणी आणि सहकाऱ्यांनी संधिवात झालेल्या उंदरांना आयएल-३ नावाचं द्रव्य दिलं. २०११मध्ये त्यांनी मांडलं, की त्यामुळे सूज उतरली आणि थायमस, लसिकाग्रंथी, प्लीहा यांतले घटलेले राखणदार पुन्हा वाढले. गंमत वाटावी अशी वाट: आयएल-३मुळे इतर टी-पेशी आयएल-२ सोडतात आणि त्यावर राखणदार पोसले जातात. उंदरावर साधलेलं माणसात साधेलच असं नाही, हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "कुणीतरी बघतंय ना, बस."

*

भिगवणची आठवण ठेवावी. १९९६मध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी त्या गावात सांधेदुखीची पाहणी सुरू केली. गावातल्या स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांना विचारलं. दर दोनशेत साधारण एकाला आमवात निघाला. ताडकळससारख्या गावात ही माणसं कोण, हे कुणी मोजलेलं नाही. पण ती आहेत, आणि "वात आहे" म्हणून तेल चोळत बसली आहेत. दोन्ही हातांची बोटं सुजलेली राहिली, तर तपासून घ्या. उशीर झाल्यानं वाकडी झालेली बोटं औषधानं सरळ होत नाहीत.

*

आतड्यातले जंतू ज्वारीसारख्या धान्यातला कोंडा आंबवून ब्युटिरेट बनवतात. त्यानं आतड्यात राखणदार पेशी घडायला मदत होते, हे २०१३मध्ये उंदरांत दिसलं. भाकर म्हणजे औषध नव्हे. तरी आईसाठी मी थापलेली ओबडधोबड भाकर तिच्या पानात वाढताना बरं वाटतं.

*

आईची मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच असते. कॅलेंडरवर तो वार लाल पेनानं गोल केलाय. ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून डबी माझ्याकडे. औषध सूज आवरतं, पण त्याबरोबर प्रतिकारही थोडा दबतो. ताप आला की आम्ही वाट बघत बसत नाही, डॉक्टरांना गाठतो. पुढची आशा वेगळी आहे: सगळ्यांना दाबण्याऐवजी राखणदार वाढवायचे. आयएल-२ अगदी कमी मात्रेत देऊन काही आजारांत तसे प्रयोग रुग्णांवर झाले आहेत.

*

राखणदार वाढले की सगळं भलंच होतं, असंही नाही. कर्करोगाच्या गाठी याच पेशी स्वतःभोवती जमवतात आणि त्यांच्या आडोशानं वाढतात. तिथे डॉक्टरांना आवर सैल करावा लागतो.

*

यंदा पोळ्याची वेसण मी वळली. पूर्वी हे काम आईचं. अंबाडीचा पीळ तिच्यासारखा कुणाला जमत नसे. तिनं ती सुजलेल्या बोटांत धरली, हळूच ताणून पाहिली.

"पीळ बरा आहे," म्हणाली. "पण आवळून बांधू नको. नाक सोलवटतं."