क्रोधावर जय

अमेरिकेतील अलाबामा राज्यात मंटगमरी नावाचे शहर आहे. तेथील बसगाड्यांत पुढील आसने गोऱ्या उतारूंसाठी राखलेली असत. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंनी गोऱ्या उतारूसाठी आपली जागा सोडण्याचे नाकारले. त्यांना अटक झाली. तेव्हा तेथील कृष्णवर्णीय लोकांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातला. त्यांचे पुढारीपण मार्टिन ल्यूथर किंग या तरुण ख्रिस्ती धर्मोपदेशकाकडे आले.

३० जानेवारी १९५६ च्या रात्री किंग एका सभेत होते. घरी त्यांची पत्नी कोरेटा आणि अवघ्या दहा आठवड्यांची मुलगी होती. कोणीतरी त्यांच्या ओसरीवर बॉम्ब टाकला. खिडक्यांच्या काचा फुटल्या. परंतु सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. वार्ता कळताच किंग धावत घरी आले. तोवर अंगणात संतप्त जमाव लोटला होता. कित्येकांच्या हाती शस्त्रे होती. एका शब्दाची खोटी, की रक्त सांडले असते!

भग्न ओसरीवर उभे राहून किंग शांतपणे बोलू लागले. शस्त्रे आणली असतील तर ती घरी न्या, सूडाने हा प्रश्न सुटणार नाही, ज्यांनी आपले वाईट केले त्यांच्यावरही प्रेम केले पाहिजे, असे त्यांनी सांगितले. येशू ख्रिस्ताने डोंगरावरील प्रवचनात दिलेली शिकवण ती हीच. हळूहळू जमाव पांगला.

मग किंग यांना राग आलाच नाही काय? आला. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर पत्नी व तान्ही मुलगी यांच्यावर ओढवलेला प्रसंग आठवून त्यांचे मन पेटून उठले. आणि लोकांना केलेला उपदेश त्यांना स्वतःलाच पुन्हा करावा लागला. पुढे काही दिवसांनी त्यांनी बंदुकीचा परवानाही मागितला. तो मिळाला नाही. अखेर पतिपत्नींनी विचार केला आणि घरात शस्त्र ठेवायचे नाही, असे ठरविले. क्षमा ही एकदाच जिंकून संपणारी लढाई नव्हे.

बहिष्कार ३८१ दिवस चालला. सर्वोच्च न्यायालयाने बसगाड्यांतील भेदभाव घटनाबाह्य ठरविला. आता लोक पुन्हा गाडीत चढणार होते. तेथे कोणी शिवी दिली, धक्का मारला, तर काय करावे? याची त्यांनी चक्क तालीम केली. सभेत खुर्च्या बसगाडीप्रमाणे मांडल्या जात. कोणी चालक होई, कोणी गोरा उतारू होऊन अपमान करी, कोणी तो निमूटपणे सोशी. शिवीस शिवी नाही, धक्क्यास धक्का नाही आणि विजयाची बढाईही नाही, हा धडा अशा रीतीने गिरविला गेला.

ख्रिस्ताने आपल्याला प्रेरणा दिली व गांधीजींनी मार्ग दाखविला, असे किंग म्हणत. १९५९ साली ते भारतात आले, ते याच ऋणानुबंधाने.

शाळेच्या पटांगणावर कोणी विनाकारण ढकलले, की मूठ आपोआप वळते. मूठ वळणे हा काही अपराध नव्हे. ती उगारण्यापूर्वी उघडणे हे मात्र शिकावे लागते. आणि पाढ्यांप्रमाणेच ते रोज म्हणावे लागते.