मगरिबनंतरची पद्मिनी

टॅक्सी दिवसा फोटोसाठी मिळत नाही. दिवसा ती धंद्यावर असते. आमच्या थोरल्या भाईजानची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षे सकाळी सातला निघाली आणि दिवेलागणीला परतली. त्यामुळे तिचे फोटो काढायचे ठरले, तेव्हा वेळ निवडायचा प्रश्नच आला नाही. जे काढायचे ते कमी उजेडातच.

काढायचे कारणही तसेच होते. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मुदत असते. भाईजानच्या गाडीची नोंद सप्टेंबर २००३ ची, म्हणजे सप्टेंबर २०२३ ला ती रस्त्यावरून उतरणार होती. शहरातली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. तेव्हा पाठोपाठ सगळ्याच जाणार होत्या. १९६४ साली 'फियाट ११०० डिलाइट' या नावाने आलेली आणि पुढे 'प्रीमियर पद्मिनी' झालेली ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. आमच्या घरात लग्नाचे अल्बम आहेत, शाळेचे गटफोटो आहेत. पण जिने तीन मुलांची शिक्षणे केली, त्या गाडीचा एक धड फोटो नव्हता. एका फोटोत तिचा अर्धा दरवाजा दिसतो, तोही कुणीतरी ईदच्या नव्या कपड्यांत त्याला टेकून उभे आहे म्हणून.

आमच्याजवळ साहित्य बेताचेच. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी जुना घेतलेला डीएसएलआर कॅमेरा, त्याच्याबरोबर आलेली १८-५५ ची साधी लेन्स, एक तिपाई आणि पुतण्याचा मोबाइल. छंद आमचा हौशी. वर्गात मराठी आणि उर्दू शिकवायची आणि सुटीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवायचा, एवढाच.

पहिल्या संध्याकाळी गल्लीतच फोटो काढले. तेव्हा लक्षात आले की काळ्या रंगाचा फोटो निघत नाही. त्यावर पडलेल्या उजेडाचा निघतो. घासूनपुसून ठेवलेला पत्रा म्हणजे आरसाच. गाडीच्या दारात समोरच्या किराणा दुकानाची पाटी उमटली, बॉनेटवर वायरींचे जाळे आणि मडगार्डवर आम्ही स्वतः. गाडीचा फोटो काढायचा तर आधी गाडीकडे पाठ करून बघावे लागते: समोर काय आहे, वर काय आहे. जे तिथे असेल ते पत्र्यात येणार. म्हणून मोकळी जागा हवी.

ती जागा बॅलार्ड इस्टेटमध्ये मिळाली. गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा करणाऱ्या जॉर्ज विटेट यांनीच या दगडी इमारतींची आखणी केली. आठवडाभर तिथे कचेऱ्यांची गर्दी. रविवारी संध्याकाळी मात्र रस्ता रिकामा. तिपाई बघून एक हवालदार जवळ आले. आम्ही कारण सांगितले. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, 'पद्मिनी का? काढा, काढा' म्हणाले आणि निघून गेले.

कमी उजेडातही वेळ असते. सूर्य बुडाल्या बुडाल्या आकाश अजून फिके असते आणि ईशाच्या सुमारास पार काळे होते. मधे, मगरिबची नमाज आटोपून बाहेर येईपर्यंत, आकाशाला गडद निळा रंग चढतो. आपल्याकडे तो जेमतेम पंधरा-वीस मिनिटे टिकतो. तेवढ्या वेळात रस्त्यावरचे दिवे आणि आकाश यांचा उजेड जवळजवळ सारखा असतो. गाडीचा पिवळा टप त्या निळ्यावर उठून दिसतो आणि काळ्या पत्र्याच्या कडेवर आकाशाची एक रेघ येते. ती रेघ नसेल तर काळी गाडी अंधारात विरघळून जाते.

पुतण्या सारखा म्हणे, 'चाचा, हात हलतोय, आयएसओ वाढवा.' आयएसओ वाढवला की कॅमेरा थोड्या उजेडालाच मोठा करून दाखवतो, पण फोटोत रवा पडतो. आम्ही त्याला चाळीतल्या नळाचे उदाहरण दिले. धार बारीक असेल तर हंडा भरायला वेळ लागतो. हंडा आपटून पाणी लवकर येत नाही. गाडी तर उभी आहे, ती कुठे पळत नाही. मग आयएसओ १०० वर ठेवला, लेन्सचे छिद्र एफ ८ वर आणि शटर चार ते आठ सेकंद उघडे. बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला. लेन्समधली हलणे थांबवणारी सोय तिपाईवर उलट त्रास देऊ शकते, म्हणून ती बंद केली. अंधारात फोकस चाचपडतो. तेव्हा नंबरप्लेटवर टॉर्च मारून फोकस पक्का केला आणि मग तो हाताने फिरवायच्या खुणेवर ठेवून दिला. मोबाइलवाल्यांनाही हेच लागू. त्याचा रात्रीचा मोड एकामागून एक बरेच फोटो घेऊन जोडतो, त्यामुळे फोन भिंतीला किंवा डब्याला टेकवून ठेवला की फरक लगेच कळतो.

भाईजान मात्र फडके घेऊन गाडीभोवती फिरत होते. डाव्या मडगार्डला एक पोचा होता. 'तो येऊ देऊ नकोस,' ते पुन्हा पुन्हा सांगत. शेवटच्या दिवसांत गाडी नव्यासारखी दिसावी, एवढीच त्यांची मागणी. आम्ही दिव्यांची बाजू बघून पोचा सावलीत ठेवला. तसे दहा-बारा फोटो छान आले, पण ती गाडी कुणाचीही असती तरी चालले असते.

आकाश काळे झाले तेव्हा दोन दिव्यांच्या खांबांमधली झाडाखालची जागा धरली. आता शटर तीस सेकंद उघडे ठेवायचे आणि तेवढ्या वेळात टॉर्चने गाडीवरून उजेड फिरवायचा. टॉर्चला पांढरा रुमाल बांधायचा म्हणजे उजेड मऊ पडतो. हात थांबवायचा नाही, टॉर्च कॅमेऱ्याकडे वळवायची नाही आणि अंगावर गडद कपडे हवेत, म्हणजे चालणारा माणूस फोटोत येत नाही. आम्ही सगळे फिक्या सदऱ्यांत. भाभी हसून म्हणाल्या, 'आण इकडे. माझा बुरखा आज कॅमेऱ्याच्याही कामी येईल.'

त्या पुढच्या गोल दिव्यापासून निघाल्या. बॉनेट, मडगार्ड, पुढचे दार. मागच्या डाव्या दारापाशी त्यांचा हात रेंगाळला. 'हात चालू ठेवा' असे पुतण्या ओरडला, पण त्या तिथेच होत्या. मग सावकाश मागच्या दिव्यापर्यंत गेल्या. शटर मिटले.

पडद्यावर बघितले तर भाभी कुठेच नव्हत्या. गाडी मात्र होती, पोच्यासकट. मागचे डावे दार उजेडाने पांढरे पडले होते. पुतण्या म्हणाला, 'फुकट गेला. परत घेऊ.' भाभी म्हणाल्या, 'तू याच दारातून घरी आलास. दोन दिवसांचा होतास, पाऊस होता आणि तुझ्या अब्बांनी सगळा रस्ता दुसऱ्या गिअरवर गाडी चालवली.' मग कुणी काही बोलले नाही.

त्यानंतरही आम्ही चार फोटो घेतले, सगळे नीट. उजेड सगळीकडे सारखा, पोचा सावलीत. पंधरा दिवसांनी गाडी भंगारात गेली. सगळे फोटो आम्ही भाईजानपुढे ठेवले आणि मोठा कोणता करायचा ते विचारले. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक करून सगळे पाहिले. पांढऱ्या दाराचा फोटो त्यांनी बाजूला काढला.

'पोचा दिसतोय यात,' आम्ही म्हटले.

'दिसू दे,' ते म्हणाले. 'हाच मोठा करून आण.'